खाचाखोचा

मराठी घरात स्क्रू ड्रायव्हर असतो, पण स्क्रूशी त्याचा संबंध क्वचितच येतो. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटणं, गॅस सिलिंडरचं सील काढणं, फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ खरवडणं, नारळाचा डोळा फोडणं आणि कुंडीतली माती उकरणं ही त्याची रोजची कामं. प्रत्यक्ष स्क्रू फिरवायची वेळ आली की तो सापडत नाही. मग सुरीचं टोक, रुपयाचं नाणं, नेलकटरमधली कानस, आणि प्रसंग अगदीच गंभीर असेल तर टेस्टर. टेस्टरचं मूळ काम वीज आहे की नाही ते सांगणं. पण आतला दिवा केव्हाच गेलेला असल्यामुळे तो पूर्णवेळ स्क्रूच्या सेवेत रुजू झालेला असतो.

आणि यातल्या कशानेही स्क्रू निघतो. पहिल्यांदा तरी निघतोच. दुसऱ्या वेळी त्याची खाच जरा पसरलेली दिसते. तिसऱ्या वेळी खाचेच्या जागी एक चकचकीत खळगा उरतो आणि घरातले जाणकार "स्क्रूच हलक्या प्रतीचा होता" असा निकाल देऊन हात धुवायला जातात. मिक्सरच्या बुडाच्या चार स्क्रूंपैकी दोनच जागेवर असतात, आणि दोनात भागतंय हे कळल्यावर उरलेल्या दोघांची कुणाला आठवणही येत नाही.

हे वर्णन वाचूनच ज्यांना घाम फुटेल अशी एक जमात जगात आहे. बंदुका दुरुस्त करणाऱ्यांची. यांच्या धंद्यात माणसाची परीक्षा नेमबाजीवरून होत नाही आणि यंत्रावरूनही होत नाही. त्याच्या हाताखालून गेलेल्या स्क्रूच्या खाचा बघतात.

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तो काय काम करतो हे सांगायला नको. टेक्सासमधले आपले भाचे तेच करतात. तिकडच्या रीतीप्रमाणे त्यानं घर घेतलं, हिरवळ कापायचं यंत्र घेतलं आणि मग एक जुनं, वापरलेलं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर घेतलं. ही बातमी ताईला व्हिडिओ कॉलवर कळली.

"बंदूक? कशाला रे?"

"जुनी आहे गं. छंद म्हणून."

"बाबांना सांगू नकोस. आणि मागे टेबलावर ती पेटी कसली?"

"ते स्क्रू ड्रायव्हर आहेत."

"इतके?"

"पाती आहेत. चाळीसच्या वर. मूठ एकच."

"केवढ्याला पडले?"

त्यानं डॉलरमध्ये आकडा सांगितला. ताईनं मनातल्या मनात रुपये केले. त्या क्षणी बंदुकीचा विषय कायमचा मागे पडला. "अरे, आपल्या नाशकात होतात की स्क्रू ड्रायव्हर! सातपूरला टपारियाचा कारखाना आहे. एक शब्द टाकला असतास तर डझनभर पाठवले असते. चाळीस स्क्रू ड्रायव्हर! घरात स्क्रू तरी तेवढे आहेत का?"

भाच्यानं आईची समजूत घालायचा नाद सोडला आणि मामाला फोन केला. ज्यांना विषय कळत नाही पण ऐकून घेण्याची सवय आहे अशा नातेवाइकांना हे भोगावंच लागतं. पण त्या दिवशी त्यानं जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं.

बाजारातल्या साध्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं. स्क्रूच्या खाचेच्या भिंती मात्र सरळ उभ्या असतात. निमुळतं पातं सरळ खाचेत घातलं की ते फक्त वरच्या ओठांना टेकतं, तळाशी त्याचा काही संबंध येत नाही. दारातच उभं राहून चहा पिणारा पाहुणा असतो ना, तसं. जरा जोर केला की आत येण्याऐवजी तो बाहेरच पडतो. पातं वर सरकतं आणि सरकताना खाचेचा ओठ दुमडून जातं. तिथे पत्र्याची कडा उभी राहावी तशी बारीक धार येते. ती बोटाला लागते, आणि आपण कुणाकडे तरी बघून "चांगले स्क्रूच मिळत नाहीत हल्ली" म्हणतो.

बंदुकीच्या कामाचं पातं वेगळं घासलेलं असतं. दोन्ही अंगांना किंचित पोकळ, त्यामुळे टोकापाशी दोन्ही बाजू एकमेकींना समांतर. तिकडे त्याला हॉलो ग्राउंड म्हणतात. हे पातं खाचेत तळापर्यंत उतरतं आणि दोन्ही भिंतींना लागून बसतं. जोर लावला की तो खाचेच्या तळाशी जातो, जिथे स्क्रूचं सगळ्यात जास्त लोखंड असतं. पातं वर सरकायला वावच नाही. एवढीच सगळी विद्या. पण ती पाळायची म्हणजे पात्याची जाडी खाचेइतकी हवी आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी. रुंदी कमी पडली तर जोर थोड्याच जागेवर येतो आणि खाच चेंगरते. जास्त झाली तर पात्याचे कोपरे बाहेर डोकावतात आणि फिरताना आजूबाजूच्या लाकडावर किंवा लोखंडावर सुबक वर्तुळ काढतात. जाडीचा हिशेब थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण तीन-चार थाऊचा असतो. म्हणजे इथे केसाएवढा फरक हा मोठा फरक.

"पण एवढं कशाला?" मी विचारलं. "निघाला की बदलायचा स्क्रू."

यावर फोनमध्ये काही वेळ शांतता होती. मग त्यानं समजावून सांगितलं. बंदुकीवर दुर्बीण बसवायच्या पट्टीचे स्क्रू बहुतेक सहा-अठ्ठेचाळीसचे असतात, म्हणजे सहा नंबरचा स्क्रू आणि इंचाला 48 आटे. हा आटा बंदुकांच्या दुनियेबाहेर सहसा कुणी वापरत नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला तो दाखवला, तर तो स्क्रू हातात घेऊन बघेल, आत जाऊन येईल आणि विचारेल, "याच्यापेक्षा थोडा मोठा चालेल का?" शिवाय बंदुकीचा स्क्रू लहान असला तरी त्याला धक्के मोठे बसतात. 1873 सालच्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरची ख्यातीच अशी की झाडता झाडता त्याचे स्क्रू सैल होतात. काउबॉयच्या चित्रपटात हे कधी दाखवत नाहीत. भर उन्हात दोघे एकमेकांसमोर उभे आहेत, वारा सुटलाय, आणि नायक म्हणतो, "जरा थांब, एक स्क्रू आवळून घेतो," असा प्रसंग आजवर मी तरी पडद्यावर पाहिलेला नाही. आजही ती बंदूक वापरणारे हौशी लोक खिशात स्क्रू ड्रायव्हर ठेवतात.

जुनी बंदूक विकत घेताना जाणते गिऱ्हाईक आधी नळी बघत नाहीत, स्क्रू बघतात. खाचा स्वच्छ असतील तर बंदूक चांगल्या घरात नांदलेली आहे. ओठ दुमडलेले असतील तर कुणीतरी ती उघडून पाहिलीय. स्क्रूपासून सुरू होऊन लोखंडाच्या निळसर झिलईवर लांब ओरखडा गेला असेल, तर त्या कुणाचा तरी हात निसटलाय आणि त्यानंतर त्यानं काहीतरी बोलून ती परत बंद केलीय. किंमत तिथेच उतरते. अमेरिकेत अशा करामती करणाऱ्या अज्ञात इसमाला सगळे मिळून बब्बा म्हणतात. बब्बाला कुणी पाहिलेलं नाही, पण त्याची कामं सगळीकडे सापडतात. आपल्याकडेही तो आहे. आपण त्याला भावोजी म्हणतो. सुट्टीला येतात, पंख्याचा आवाज ऐकून अस्वस्थ होतात आणि "स्टूल आणा" म्हणतात.

भाच्याच्या रिव्हॉल्व्हरची गंमत आणखी पुढे आहे. त्या जातीच्या रिव्हॉल्व्हरला एका बाजूनं झाकणासारखी पट्टी असते. ती इतकी नेमकी बसवलेली की सांधा नीट दिसतही नाही. स्क्रू काढले तरी पट्टी जागची हलत नाही. इथे भावोजींचा हात आपोआप फटीत पातं घालून उचकटायला शिवशिवतो. फट कायमची दिसायला लागते ती तेव्हापासून. खरी रीत अशी की स्क्रू काढायचे, रिव्हॉल्व्हर आडवं धरायचं आणि मुठीच्या लोखंडी सांगाड्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी दांड्यानं हळूहळू टकटक करत राहायचं. कंपनानं पट्टी आपण होऊन वर येते. म्हणजे चांगल्या स्क्रू ड्रायव्हरचं निम्मं काम पातं करतं आणि निम्मं दुसरं टोक. आणि ते स्क्रू एकसारखे दिसले तरी एकसारखे नसतात. पुढचा जो असतो, त्याच्याकडे चक्राचा आधार जागेवर धरून ठेवायचं काम असतं. म्हणून भाचा पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरचं चित्र काढतो आणि निघालेला स्क्रू चित्रात त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवतो. त्याच्या लहानपणी ताईनं त्याच्या कपाटासाठी हाच आग्रह धरला होता. तेव्हा जमलं नाही.

या वेडाची परमावधी बघायची तर लंडनच्या भारी बंदुकांपाशी जावं लागतं. पर्डी ही 1814 सालची पेढी, हॉलंड अँड हॉलंड 1835 सालची. आपल्या राजेरजवाड्यांनी त्यांच्याकडून मनमुराद खरेदी केली. या बंदुकांवरच्या स्क्रूंच्या खाचा बघाव्यात. दिसणाऱ्या सगळ्या खाचा एका दिशेला, नळीच्या रेषेत. स्क्रू पूर्ण आवळला की खाच नेमकी त्या रेषेत येऊन थांबते, एक अंशही इकडे-तिकडे नाही. हे नशिबानं होत नाही. स्क्रूचं डोकं आधी मुद्दाम मोठं ठेवतात, तो त्याच्या भोकात घट्ट आवळतात, खाचेची दिशा मग ठरवतात, डोकं घासून पृष्ठभागाशी सपाट करतात आणि त्यावर नक्षी कोरतात. खाच इतकी बारीक की दुकानात मिळणारा कुठलाच स्क्रू ड्रायव्हर आत जात नाही. म्हणजे प्रत्येक स्क्रूला घर एकच, आणि त्या घराला किल्लीही एकच. बंदुकीच्या पेटीत म्हणून तिचे खास स्क्रू ड्रायव्हर ठेवलेले असतात. महाराज शिकारीला गेले, पेटी मुक्कामावर राहिली आणि जंगलात एक स्क्रू सैल झाला, असं कधी ना कधी झालं असणारच. तेव्हा पुढे झालेल्या हुजऱ्याच्या कमरेला काय होतं याचा अंदाज आज त्या खाचांवरून येतो.

हे वेड नवीन नाही. विटोल्ड रिबचिन्स्की या वास्तुविषयक लेखकाला न्यू यॉर्क टाइम्सनं विचारलं होतं की हजार वर्षांतलं सगळ्यात चांगलं हत्यार कुठलं, त्यावर लिहा. त्यानं स्क्रू ड्रायव्हर निवडला आणि 2000 साली त्यावर अख्खं पुस्तक काढलं. शोध घेता घेता तो जाऊन पोचला जुन्या चिलखतांपाशी आणि जुन्या बंदुकांच्या चापांपाशी. म्हणजे खुर्ची-कपाटांना घरोघर स्क्रू लागण्याच्या कितीतरी आधी ते बंदुकांना लागले होते. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांनी मात्र या भानगडीतून बरीचशी सुटका करून घेतली होती. नळी लाकडाला बांधायची ती चामड्याच्या वाद्यांनी, तारेनं किंवा धातूच्या पट्ट्यांनी. सैल झाली तर परत बांधा. खाच नाही, ओरखडा नाही, भावोजींना काही कामच नाही.

मधल्या काळात जगानं चपट्या खाचेवर बरेच उपाय काढले. कॅनडातल्या पीटर रॉबर्टसनचा हात चपटा स्क्रू ड्रायव्हर निसटून कापला, म्हणून त्यानं चौकोनी खळग्याचा स्क्रू आणला असं सांगतात. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सनं 1936 साली आपण ज्याला फुलीचा म्हणतो त्याचं पेटंट मिळवलं आणि तो मोटारींच्या कारखान्यात गेला. 1967 साली सहा पाकळ्यांचा टॉर्क्स आला. आज बंदुकीवर दुर्बीण बसवताना बहुधा तोच असतो, आणि तो किती आवळायचा तेही ठरलेलं असतं. दुर्बीण धरणाऱ्या कडीचे स्क्रू साधारण पंधरा ते वीस इंच-पौंड. त्यासाठी आकडा दाखवणारा, तेवढा जोर झाला की कट्ट करून सुटणारा ड्रायव्हर मिळतो. आपलं माप वेगळं. आपण दात आवळले जाईपर्यंत स्क्रू आवळतो आणि वर "आता बाप आला तरी निघणार नाही" म्हणतो. पुढे तो काढायची वेळ आपल्यावरच येते आणि बाप खरोखरच येत नाही. पण जुन्या बंदुकांच्या स्क्रूंच्या डोक्यावरची ती एक सरळ खाच काही गेली नाही. ती शोभेची आहे, परंपरेची आहे, आणि तिच्याशिवाय या लोकांना एकमेकांना नावं ठेवता येणार नाहीत.

नावं ठेवण्यासाठी यांच्यात पंथ आहेत. एक पंथ बदलत्या पात्यांचा. आयोवा राज्यातली ब्राउनेल्स ही 1939 सालची कंपनी. बंदूक दुरुस्तीचं सामान विकणं हा तिचा धंदा. ती एका मुठीत बसणारी, निरनिराळ्या रुंदीची आणि जाडीची पाती विकते, कुठल्या बंदुकीच्या कुठल्या स्क्रूला कुठलं पातं याचा तक्ताही देते. पातं तुटलं तर फक्त पातं बदला. दुसरा पंथ लाकडी मुठीच्या अखंड हत्यारांचा. त्यांचं म्हणणं, पातं मुठीत किंचित जरी हललं तरी हाताला स्क्रूचं मन कळत नाही. पहिला पंथ म्हणतो, मन कळेल पण जाडी जमणार नाही, त्याचं काय? दोन्ही पंथांचं एकाच बाबतीत एकमत आहे. पोलाद फार नरम असेल तर टोक पिळतं, फार कडक असेल तर त्याचा टवका उडतो, आणि दोन्ही वेळा शिक्षा स्क्रूला होते.

तिसरा पंथ मला कोल्हापुरात भेटला. तिथे बंदूक दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. आपल्याकडे हा धंदा करायचा तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. ज्याच्या हातात कानस आली त्यानं बंदूक उघडली, असं चालत नाही. दुकानाच्या मिस्त्रींकडे परवाना आहे, चौकटीत लावलेला. त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे शेतीच्या संरक्षणासाठी परवाना असलेले शेतकरी, काही जुन्या घराण्यांतले लोक, आणि निवडणुका. निवडणूक आली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. मतमोजणी झाल्यावर त्या परत मिळतात. "म्हैनाभर गोडाऊनमधी एकावर एक," मिस्त्री सांगतात. "निवडून कोण बी येऊ दे, गंज हितंच येतो."

त्यांच्या भिंतीवर दीड हाताचा एक स्क्रू ड्रायव्हर लटकवलेला आहे. मी विचारलं, हा कुणासाठी? "थ्री नॉट थ्रीसाठी," ते म्हणाले. पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षं दिसलेली ती ली-एनफिल्ड रायफल. आपल्याकडे ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनायची. तिचा मागचा लाकडी दस्ता एका लांब बोल्टनं धरलेला असतो आणि त्या बोल्टचं डोकं दस्त्याच्या पोटात खोल असतं. तिथपर्यंत पोचायला हे लांबडं हत्यार. "पण हे घ्यायच्या आदी म्होरलं लाकूड काढायचं," मिस्त्रींनी बोट वर केलं. बोल्टचं पुढचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. लाकूड तसंच ठेवून मागून बोल्ट फिरवला तर लाकूड चिरतं. म्हणजे पातं योग्य, माप योग्य, जोर योग्य, आणि तरीही नुकसान. चुकली ती फक्त पाळी.

त्या दिवशी एक पाटील आले होते. आजोबांची इंग्रजी दुनळी, परवाना हातात, एक स्क्रू हलत नाही अशी तक्रार. मिस्त्रींनी बंदूक उजेडात धरली. डोळ्याला भिंग लावलं. स्क्रूकडे ते इतका वेळ बघत राहिले की पाटलांना चिंता वाटू लागली. मग त्यांनी टाचणीनं खाचेतला जुना, काळा, वाळलेला तेलाचा थर उकरला. ड्रॉवरमधून एक साधा, पिवळ्या मुठीचा, बाजारू स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक तेलाच्या दगडावर आडवं धरून तीनदा ओढलं, उलटं करून तीनदा ओढलं. खाचेत घालून पाहिलं. मूठ बोटांच्या चिमटीत धरून हलवली, किंचित खडखडली. परत दगड. ग्राइंडरचं चाक शेजारीच होतं, पण त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. टोक तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला. चार-पाच वेळा असं झाल्यावर पातं खाचेत बसलं आणि मूठ सोडली तरी उभंच राहिलं. पाटील पुढे सरकले. मिस्त्रींनी पातं काढून घेतलं, स्क्रूवर तेलाचा एक थेंब सोडला आणि म्हणाले, "उद्या या."

"आज का नको?"

"त्येला आत जायला टाइम लागतो. गडबडीत स्क्रू निगत न्हाई पाटील, निस्ती खाच निगती."

याच दुकानात डिसेंबरात भाच्याला घेऊन गेलो. सुट्टीवर आला होता, आणि पेटी घेऊन आला होता. विमानात स्क्रू ड्रायव्हर सामानात टाकून आणणारा माझ्या माहितीतला तो एकमेव माणूस. मिस्त्रींनी पेटी उघडली. एकेक पातं अंगठ्याच्या नखावर फिरवून पाहिलं. पोलाद उत्तम, घासणी उत्तम, असं मोकळ्या मनानं सांगितलं. मग त्यांनी दुरुस्तीला आलेली दुसरी एक इंग्रजी बंदूक समोर ठेवली आणि म्हणाले, "यातलं ह्या स्क्रूला कंचं?"

भाच्यानं हात पुढे केला. "न्हाई, परवाना माज्या नावावर हाय," मिस्त्री म्हणाले. "तुमी सांगा, मी लावतो."

भाचा क्रमांक सांगत गेला, मिस्त्री पाती लावत गेले. जी पातळ होती ती रुंदीला कमी पडली. जी रुंदीला बसली ती जाडीला आत जाईनात. चाळीसच्या वर पाती संपली. एक मात्र फार जवळ आलं. रुंदी बरोबर, जाडी केसभर जास्त. भाचा म्हणाला, याच्या खालचं माप कंपनी बनवत नाही.

"मग घासा की," मिस्त्री म्हणाले आणि दगड पुढे सरकवला.

भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते पातं घासणं म्हणजे माप बिघडवणं, पेटीतला क्रम बिघडवणं, हमी घालवणं. त्यानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं त्यात "टॉलरन्स" हा शब्द दोनदा आला. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पात्याची काळजी घ्याची का स्क्रूची? स्क्रू शंभर वर्सांचा हाय. पातं नवं मिळतंय."

या प्रश्नाला पेटीतल्या तक्त्यात उत्तर नव्हतं. सगळ्या पंथांची सगळी भांडणं इथे येऊन संपतात. हत्यार किती भारी आणि कुठल्या कंपनीचं हे बघायला हरकत नाही. पण स्क्रू त्यातलं काही वाचत नाही. तो फक्त एवढंच बघतो की आत आलेलं पातं आपल्या मापाचं आहे की नाही. नसेल तर बदलायचं कुणी, हा प्रश्न त्यानं केव्हाच निकालात काढलेला असतो. शंका असणाऱ्यानं त्याच्या खाचेचे ओठ पाहावेत.

भाच्यानं घासलं. दगडावर हात थरथरत होता, पण सरळ होता. तीनदा या बाजूनं, तीनदा त्या बाजूनं, हे त्यानं न सांगता केलं. पातं खाचेत उभं राहिलं तेव्हा दुकानातल्या सगळ्यांनी, म्हणजे चहा घेऊन आलेल्या पोरानंही, मान डोलावली. मिस्त्रींनी स्क्रू अर्ध्या बोटाच्या जोरानं फिरवला. तो आवाज न करता सुटला.

निघताना अडचण लक्षात आली. ते पातं आता जगातल्या एकाच बंदुकीच्या एकाच स्क्रूला बसत होतं, आणि ती बंदूक कागल तालुक्यात होती. टेक्सासला नेऊन उपयोग शून्य. मिस्त्रींनी हात पुढे केला. भाच्यानं पातं त्यांच्या हातावर ठेवलं. पेटीत एक खड्डा रिकामा राहिला. परत गेल्यावर त्यानं कंपनीकडून त्याच मापाचं नवं पातं मागवलं. ते आलं, रिकाम्या खड्ड्यात बसलं, आणि आता म्हणे त्याला ते एकटंच जरा जाड दिसतं. त्यानं घरी तेलाचा दगड आणलाय. ताईला किंमत अजून सांगितलेली नाही.